युद्धकाळातील वास्तूंची नोंद गावाला विचारून व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातील अकरा आणि तमिळनाडूतील जिंजी असे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत दाखल झाले. तेव्हापासून आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात गडांच्या डागडुजीविषयी, तटावर कोरलेल्या नावांविषयी आणि पायथ्याशी साठणाऱ्या कचऱ्याविषयी सातत्याने लिहिले जात आहे, आणि ते रास्तच आहे. मला त्याच ओघात अशा वास्तूंकडे लक्ष वेधायचे आहे, ज्यांना तट नाही, दरवाजा नाही, पोवाडा नाही आणि बहुतेक वेळा धड नावही नाही. दोन महायुद्धांच्या काळात, आणि त्यांच्या थोडे आधी, आपल्या किनाऱ्यावर, बेटांवर आणि शेतजमिनींवर तोफांच्या जागा, भूमिगत कोठारे, धावपट्ट्या आणि छावण्या उभ्या राहिल्या. त्यांचे जतन करावे की नाही हा पुढचा प्रश्न झाला. त्या कुठे कुठे आहेत याची गाववार यादी मला तरी आजवर कोठे पाहायला मिळालेली नाही, आणि ती करायची तर ज्यांना विचारायला हवे ती माणसे आता नव्वदीच्या पुढे आहेत.

मी इतिहासाचा अभ्यासक नाही. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून नोकरी करून निवृत्त झालो. त्या नोकरीत एक गोष्ट अंगवळणी पडली, ती या विषयाला लागू आहे म्हणून सांगतो. हद्द कायम करण्याची मोजणी असते तेव्हा भूकरमापक नकाशा आणि टिपण घेऊन शेतावर जातो खरा, पण लगतच्या खातेदारांना नोटीस दिल्याशिवाय आणि त्यांना जागेवर बोलावल्याशिवाय ते काम पुरे होत नाही. नकाशात दगड दाखवलेला असतो आणि जागेवर तो सापडत नाही. मग एखादी म्हातारी सांगते की तो दगड तिच्या सासऱ्याने विहिरीच्या पायात घातला. ते ऐकून विहिरीपाशी साखळी धरली की कधी नकाशा बरोबर येतो आणि कधी म्हातारी चुकलेली निघते. परंतु तिला न विचारता केलेली मोजणी बहुधा अपिलात जाते. युद्धकाळातल्या वास्तूंची नोंदही अशीच व्हायला हवी, असे माझे मत आहे.

मुंबईच्या राजभवनाचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे, तरी त्यातला एक तपशील फारसा कोणी लक्षात घेत नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये मलबार हिलवरील राजभवनाच्या आवारात बुजवून टाकलेली एक भिंत फोडण्यात आली आणि तिच्यामागे पाच हजार चौरस फुटांहून मोठे, तेरा खोल्यांचे ब्रिटिशकालीन भुयारी बंकर सापडले. आतल्या खोल्यांवर तोफगोळ्यांचे कोठार, काडतुसांचे कोठार, कर्मशाळा अशा अर्थाच्या इंग्रजी पाट्या होत्या. बातमीत अर्थातच आकार, खोल्या आणि पाट्या यांना जागा मिळाली. पण ती भिंत फोडावी असे मुळात कोणाला का वाटले? तर या आवारात कुठेतरी एक भुयार आहे, असे जुन्या माहितगार मंडळींनी तेव्हाचे राज्यपाल चे. विद्यासागर राव यांना काही महिने आधी सांगितले होते. देशातल्या सर्वांत चोख पहाऱ्याच्या आणि सर्वांत जास्त कागदपत्रे बाळगणाऱ्या जागांपैकी ही एक, आणि तिथले बंकर दशकानुदशके नजरेआड राहून अखेर आठवणीवरून सापडले. पुढे ऑगस्ट २०१९ मध्ये राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते तिथे संग्रहालय सुरू झाले. राजभवनाला निदान विचारणारा राज्यपाल लाभला. एखाद्या खाडीकाठच्या गावात असेच ऐकीव भुयार असेल तर तिथे विचारायला कोण जाणार?

जिथे असे विचारले गेले, आणि तेही देशभर विचारले गेले, त्या कामाविषयी आता जरा विस्ताराने लिहितो, कारण आपल्याकडे ते फारसे माहीत नाही. माझा मुलगा नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये रेडिंग येथे असतो. काही वर्षांपूर्वी त्याच्याकडे दोन महिने राहिलो, तेव्हा रोज सकाळी केनेट-एव्हन कालव्याच्या काठाने फिरायला जात असे. शहराबाहेर पडल्यावर थोड्या अंतराने काठावर काँक्रीटच्या बसक्या, षट्कोनी खोल्या दिसू लागल्या. भिंतींना छातीच्या उंचीवर आडव्या फटी, आत अंधार, वर ब्रँबलची काटेरी जाळी. प्रथम मला त्या पाटबंधारे खात्याच्या चौक्या वाटल्या (खात्याचा माणूस कुठेही खातेच पाहतो). काठावर भेटलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी त्या पिलबॉक्स असल्याचे सांगितले. १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला, डंकर्कहून ब्रिटिश फौज अवजड शस्त्रास्त्रे टाकून परतली, आणि जर्मन सैन्य कोणत्याही क्षणी किनाऱ्यावर उतरेल अशी भीती निर्माण झाली. तेव्हा देशाच्या अंतर्गत संरक्षणाची जबाबदारी सांभाळणाऱ्या जनरल आयर्नसाइड यांच्या योजनेनुसार नद्या, कालवे आणि रेल्वेचे भराव यांच्या आधाराने संरक्षणाच्या रेषा आखण्यात आल्या आणि त्यांवर मशीनगन व बंदुका चालवण्यासाठी या काँक्रीटच्या खोल्या बांधल्या गेल्या. जो कालवा कोळसा आणि धान्य वाहण्यासाठी खोदला, तोच रणगाड्यांना अडवणारा खंदक ठरणार होता.

त्या एका वर्षात अशा सुमारे २८ हजार पिलबॉक्स आणि तत्सम पक्क्या मोर्चांची बांधणी झाली, असा अंदाज आहे. आराखडे लंडनहून आले, मात्र प्रत्यक्ष काम स्थानिक कंत्राटदारांनी, मिळेल त्या विटा-रेती-सिमेंटमध्ये, काही आठवड्यांत उरकले. काहींना गवताच्या गंजीचे, काहींना दुकानाचे वा झोपडीचे सोंग दिले होते. जर्मन आले नाहीत. युद्ध संपल्यावर शेतकऱ्यांनी कुठे कोंबड्या ठेवल्या, कुठे खत साठवले, कुठे सुरुंग लावून अडचण दूर केली. आणि कोणती खोली नेमकी कोणत्या शेतात बांधली याची एकत्रित यादी कोणाकडेच उरली नाही.

या विस्मरणाला पहिला धक्का दिला तो एका स्थानिक वृत्तपत्रातल्या माणसाने, आणि म्हणूनच हे पत्र आपल्याला लिहावेसे वाटले. हेन्री विल्स हे सॅलिसबरीच्या वृत्तपत्राचे छायाचित्रकार. त्यांनी आपल्या भागातल्या पिलबॉक्सचे फोटो काढायला सुरुवात केली आणि सरकारी दप्तरात हाती फारसे लागत नाही हे लक्षात आल्यावर वृत्तपत्रांतून वाचकांना आवाहन केले की तुमच्या माहितीतील जागा कळवा. देशभरातून पत्रे आली. कोणाच्या वडिलांनी काँक्रीट ओतले होते, कोणी होमगार्ड म्हणून त्या खोलीत रात्री काढल्या होत्या, कोणी लहानपणी आत लपाछपी खेळले होते. त्यांचे काम १९८५ मध्ये पुस्तकरूपाने आले. दहा वर्षांनी, १९९५ च्या एप्रिलमध्ये, कौन्सिल फॉर ब्रिटिश आर्किऑलॉजी या संस्थेने ‘डिफेन्स ऑफ ब्रिटन’ या नावाने संपूर्ण देशाची नोंद हाती घेतली. ती २००२ पर्यंत चालली. सुमारे सहाशे स्वयंसेवकांनी सुमारे वीस हजार स्थळांची नोंद केली. डक्सफर्डच्या युद्धसंग्रहालयात त्यांचे कार्यालय होते आणि आता ती सारी माहिती कोणालाही संगणकावर विनामूल्य पाहता येते.

मला यातले आकडे तेवढे भारावून टाकणारे वाटले नाहीत. कामाची रीत अधिक मोलाची वाटली. स्वयंसेवक कोण होते, तर निवृत्त शिक्षक, टपाल खात्यातले लोक, शेतकरी, इतिहासमंडळांचे सभासद. त्यांच्याकडून अपेक्षा मोजकीच होती. नकाशावरील नेमके स्थान द्यावे, बांधणीचा प्रकार ओळखावा, आजची अवस्था लिहावी, फोटो जोडावा. स्थानिक माणसाने सांगितलेली हकीकत आणि डोळ्यांनी पाहिलेली वस्तू या दोहोंची सरमिसळ होऊ नये, एवढे पथ्य पाळले की साधा माणूसही उपयोगी नोंद करू शकतो. पुढे युद्धकाळातल्या लष्करी रोजनिशा आणि विमानातून घेतलेली छायाचित्रे यांच्याशी ताडून पाहण्याचे काम अभ्यासकांनी केले. म्हणजे आमच्या मोजणीचीच रीत झाली: आधी जागा आणि शेजारी, मग दप्तर.

उशीर झाला तर काय हातचे जाते याचेही उदाहरण त्याच देशात आहे. शत्रू उतरलाच तर त्याच्या पिछाडीवर राहून घातपात करण्यासाठी ‘ऑक्झिलरी युनिट्स’ या फसव्या, निरुपद्रवी नावाखाली सुमारे साडेतीन हजार माणसांची गुप्त दले उभी केली होती. त्यांत मुद्दाम शेतकरी, शिकारखान्याचे रखवालदार, जंगलात वावरणारी माणसे घेतली, कारण त्यांना रानातली वाट काळोखातही ठाऊक असे. त्यांच्यासाठी जमिनीखाली तळघरे खोदली. या लोकांनी गुप्ततेची शपथ घेतलेली होती, आणि अनेकांनी ती इतकी पाळली की बायकोलाही न सांगता ते वारले. त्यांच्याबरोबर तळघरांचे पत्तेही गेले. आज तिथले हौशी संशोधक रानात एकेक जागा हुडकत असतात. जमीन जाणणारा माणूस आणि त्याची जागा एकदम नाहीशी होते, ती अशी.

आता आपल्याकडे पाहू. पिलबॉक्सच्या रांगा आपल्याकडे नाहीत, आणि इंग्लंडची नक्कल करण्याचा माझा आग्रहही नाही. पण फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले, मार्चमध्ये रंगून गेले, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कोलंबो आणि विशाखापट्टणमवर जपानी बॉम्ब पडले, आणि त्यानंतर हा देश युद्धाच्या कडेला नव्हे तर दारात उभा होता. मुंबई हे सैन्य आणि दारूगोळा उतरवण्याचे मोठे बंदर. १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावरच्या सुमारे चौदाशे टन स्फोटकांनी गोदी उद्ध्वस्त केली, तेव्हा ते किती दारूगोळा वाहत होते हे शहराने पाहिलेच. लोहगावचा विमानतळ १९३९ मध्ये मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी उभा राहिला. देवळालीच्या छावणीतून किती पलटणी आल्या-गेल्या याचा हिशेब नाही. पुरंदरावर शिवकालीन अवशेष पाहायला जाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असते की दुसऱ्या महायुद्धात तिथल्या बराकींमध्ये जर्मन कुटुंबे स्थानबद्ध होती? मुरगाव बंदरात ९ मार्च १९४३ च्या रात्री ‘एरेनफेल्स’ हे जर्मन जहाज आणि इतर शत्रुपक्षीय जहाजे बुडाली. ती हकीकत मी जेव्हा जेव्हा वाचली तेव्हा कलकत्त्याहून आलेल्या ब्रिटिश हल्लेखोरांच्या तोंडून वाचली. धक्क्यावर काम करणाऱ्या गोमंतकीय कामगारांनी त्या रात्री काय पाहिले, ते मात्र माझ्या वाचनात कुठे आले नाही.

घारापुरीला दरवर्षी लाखो लोक जातात. लेण्यांच्या वरच्या टेकडीवर दोन अवाढव्य तोफा आहेत. मी गेलो त्या दिवशी एकाने त्या पोर्तुगीजांच्या असल्याचे सांगितले, दुसऱ्याने महायुद्धातल्या, आणि तिसऱ्याने, फोटो काढून घेत, थेट शिवाजी महाराजांच्या. मागून भरायची, गोलाकार बैठकीवर फिरणारी ही पोलादी तोफ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाआधीची असूच शकत नाही, हे तिच्याकडे नीट पाहणाऱ्या कोणाही लोहारकाम जाणणाऱ्या माणसाला कळेल. परंतु ती डोंगरावर कशी चढवली, किती माणसे लागली, राजबंदर-शेतबंदरच्या कोणत्या घरातले लोक त्या कामावर होते, ती शेवटची कधी उडवली, तिच्या आवाजाने काय पडले-फुटले, हे तोफेकडे पाहून कळणार नाही. ते बेटावरच्या तीन गावांत कोणाच्या तरी घरात आजोबांची गोष्ट म्हणून शिल्लक असेल, किंवा नसेल. विचारल्याशिवाय दोन्ही कळणार नाही.

नेवाळीचा विषय नाजूक आहे, तरी टाळता येत नाही. कल्याणजवळ मलंगगडाच्या वाटेवर दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने धावपट्टीसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या. युद्ध संपले, विमाने गेली, पण जमिनीचा प्रश्न सुटला नाही. पिढ्यान्‌पिढ्या तिथे भात पिकवणारे शेतकरी आणि संरक्षण खाते यांच्यातला वाद जून २०१७ मध्ये किती पेटला हे आपल्या वाचकांना आठवत असेल. हक्क कोणाचा याविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. मात्र अशा ठिकाणी वारशाची नोंद म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग नसतो. १९३९ च्या भारत संरक्षण कायद्याखाली युद्धकाळात तात्पुरता ताबा घेणे वेगळे आणि कायमचे संपादन वेगळे. फेरफाराच्या नोंदीत एका शब्दाचा फरक पडतो आणि खालच्या तीन पिढ्यांचे भवितव्य त्या शब्दावर अडते. त्या वेळी कोणत्या बांधापर्यंत खडी पसरली, कोणत्या पाड्याला उठवले, कोणाचे आंब्याचे झाड विमानाच्या वाटेत येते म्हणून तोडले, मोबदला रोख मिळाला की नुसती चिठ्ठी, या गोष्टी सांगणारे शेवटचे आवाज आपण जपून ठेवले असते तर दोन्ही पक्षांना आणि न्यायालयालाही त्यांचा उपयोग झाला असता. पुरावा म्हणून त्या आठवणी टिकल्या असत्या की नाही हे वकिलांनी सांगावे. पण नोंदलेली आठवण तपासता तरी येते.

याच्या अगदी उलट उदाहरण कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचे. १९४३ ते १९४८ या काळात तिथल्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, त्यांत बहुसंख्य बायका आणि मुले, राहत होते. फाळणीनंतर त्याच जागी सिंधी बांधव आले आणि गांधीनगर वसले. बराकी जवळजवळ नाहीशा झाल्या, तरीही वळिवड्याची स्मृती आज जिवंत आहे, याचे कारण तिथे वाढलेली पोलिश मुले म्हातारी होऊन पुन्हा पुन्हा कोल्हापूरला आली, जुन्या शेजाऱ्यांना शोधत फिरली, कुठली बराक कुठे होती ते सांगत राहिली. इमारती न उरताही जागा ओळखीची राहू शकते, ती अशा सांगणाऱ्यांमुळे. धावपट्टीसाठी उठवलेल्या गावकऱ्यांना असे कोणी येऊन विचारले नाही. खडकीच्या युद्धस्मशानभूमीत दुसऱ्या महायुद्धातल्या दीड हजारांहून अधिक सैनिकांच्या कबरी नाव, पलटण आणि तारीख यांसह राखलेल्या आहेत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जवानांची स्मृती गाव स्वतः जपते. मेलेल्यांची मोजदाद आपण बरी ठेवली. ज्या जमिनीवर ही युद्धे लढण्याची तयारी झाली तिची ठेवली नाही.

काही आक्षेप अपेक्षित आहेत. पहिला म्हणजे, ही कामे इंग्रजांची, त्यांच्या साम्राज्यासाठी केलेली. आपण ती का जपावीत? त्यावर माझे म्हणणे इतकेच की आराखडा त्यांचा असला तरी जमीन, रेती, घाम आणि बैलगाड्या आपल्या होत्या, आणि मी नोंद मागतो आहे, पुतळा नव्हे. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. तो गंभीर आहे. मुंबई बंदरातल्या काही जुन्या तोफखान्यांच्या जागा आजही नौदलाच्या ताब्यात आहेत. तिथे हौशी माणसाने कॅमेरा घेऊन फिरणे बेकायदा आहे आणि ते योग्यही नाही. म्हणून लष्कराच्या ताब्यातली कोणतीही जागा या नोंदीत असू नये, हे पहिल्या ओळीतच लिहावे. गावठाणात, गायरानात, खाजगी शेतात आणि पडीक टेकडीवर जे उरले आहे तेवढ्यावर निदान दहा वर्षे पुरेल इतके काम आहे, असा माझा अंदाज आहे. खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी आणि त्याचे नाव न छापण्याची हमीही हवी. नाहीतर उद्या आपली जमीन सरकार घेईल या धास्तीने तो आदल्या रात्री जेसीबी बोलावेल. अशी धास्ती मी नोकरीत पुष्कळ पाहिली आहे आणि ती नेहमीच निराधार नसते.

तिसरी अडचण कायद्याची आहे. १९५८ च्या केंद्रीय कायद्यानुसार प्राचीन स्मारक ठरायला वास्तू किमान शंभर वर्षांची असावी लागते. १९४२ साली बांधलेले कोठार त्या हिशेबाने २०४२ मध्ये विचारार्ह होईल. तोवर त्याचा सांगाडा उरला तरी त्याची गोष्ट सांगणारा एकही माणूस उरलेला नसेल. मुंबईत १९९५ च्या वारसा नियमावलीने शंभर वर्षांच्या अटीबाहेरच्या इमारतींचीही श्रेणीवार यादी केली, म्हणजे वाट अगदीच बंद आहे असे नाही. पण ती यादी शहरापुरती आणि मुख्यतः देखण्या इमारतींची आहे. गवताने झाकलेल्या काँक्रीटच्या चौथऱ्याला तिच्यात कोण घेणार?

म्हणून सुरुवात संरक्षणापासून न करता विचारण्यापासून करावी, आणि विचारण्याचीही एक रीत असते. ‘महायुद्धात काय झाले?’ असे विचारले की समोरचा माणूस शाळेत शिकलेले किंवा टीव्हीवर पाहिलेले सांगतो. हिटलर येतो, गाव येत नाही. त्याऐवजी विचारावे की गुरे कोणत्या माळावर नेता येत नव्हती, भोंगा कुठून ऐकू येई, खडी कोणत्या खाणीतून गेली, मुकादम कोणत्या गावचा होता, गोरे सोल्जर दूध-अंडी कोणाकडून घेत. आमच्याकडच्या जागांची नावेही बोलकी असतात. पलटणीच्या नेमबाजीच्या टेकडीला कित्येक ठिकाणी चांदमारी म्हणतात. छावणी उठून ऐंशी वर्षे झाली तरी त्या तुकड्याचे नाव ‘कॅम्प’ राहते आणि नव्या वसाहतीचा बिल्डर ते पुसेपर्यंत टिकते. ही नावे सातबाऱ्यावर नसतात. ती गुराख्याच्या, कोळ्याच्या आणि रेशन दुकानापुढच्या रांगेतल्या बायकांच्या बोलण्यात असतात. त्यानंतर तलाठ्याकडचे जुने फेरफार, भूमी अभिलेखातले टिपण आणि गावचा जुना नकाशा पाहावा. आता मोबाइलवर अक्षांश-रेखांश क्षणात मिळतात. आम्ही शंकू-साखळी घेऊन उन्हात जे अर्ध्या दिवसात करत होतो ते कॉलेजातला मुलगा पाच मिनिटांत करतो. फक्त त्याने तिथे उभे राहून एका म्हाताऱ्या माणसाचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे. हे सोपे नाही, कारण म्हातारी माणसे मुद्द्यावर यायला वेळ लावतात. मीही लावतो.

आणि आठवण चुकते, हे धरूनच चालावे. १९६५, १९७१ आणि १९४२ या तिन्ही काळांतले ब्लॅकआउट पुष्कळांच्या डोक्यात एकमेकांत मिसळलेले आहेत. डिसेंबर १९७१ मध्ये मी अकरा वर्षांचा होतो. आमच्या चाळीत खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवले होते, शाळेच्या मैदानात नागमोडी खंदक खणला होता आणि पावसाळा येण्याआधी तो बुजवला गेला. परवा माझ्या थोरल्या भावाने मला ठासून सांगितले की खंदक १९६५ चा होता आणि तो कधीच नागमोडी नव्हता. आम्हा दोघांपैकी एक जण चुकतो आहे. नोंद करणाऱ्याने दोघांचेही म्हणणे, ज्याचे त्याच्या नावाने, लिहून ठेवावे आणि पुढे कधी कोणाकडे त्या मैदानाचा फोटो निघाला तर निकाल लावावा. एकाचे खोडून दुसऱ्याचे लिहिणे हे नोंद करणाऱ्याचे काम नाही.

आपल्याकडे माझी विनंती अशी आहे. हेन्री विल्स यांच्या आवाहनाने जे साधले ते जिल्हा आवृत्त्यांमधून आपणही साधू शकता. महिन्यातून एका रविवारी चार-सहा ओळींची जागा द्यावी आणि तीत वाचकांना एवढेच विचारावे: गाव आणि जागेचे स्थानिक नाव, आज तिथे काय दिसते, ते युद्धाशी संबंधित असल्याचे तुम्हाला कोणी सांगितले, आणि सांगणाऱ्याचे युद्धाच्या वेळचे वय. शेवटचा प्रश्न गाळू नये. ज्याने स्वतः पाहिले आणि ज्याने ऐकले यांत फरक करण्याचे ते एकच साधन पुढच्या अभ्यासकाच्या हाती राहणार आहे. आलेली पत्रे संपादित न करता जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास किंवा भूगोल विभागाकडे आणि एक प्रत जिल्हा ग्रंथालयाकडे सोपवावी. छापण्याजोगे किती निघेल ते आपण ठरवालच.

माझ्यापुरते मी काम सुरू केले आहे. ठाणे जिल्ह्यातल्या माझ्या तालुक्यातील अकरा गावांत गेल्या पावसाळ्यानंतर जाऊन आलो. त्यांपैकी सात गावांत काहीच निघाले नाही. तीन ठिकाणी काँक्रीटचे चौथरे दाखवण्यात आले. त्यांपैकी एक निःसंशय १९८० नंतरच्या पाण्याच्या टाकीचा होता, कारण त्याचे बिल पंचायतीत मिळाले. उरलेल्या दोन चौथऱ्यांजवळच्या घरांतली माणसे कामासाठी शहरात राहतात आणि गणपतीत गावी येतात. त्यांना तेव्हाच भेटता येईल. अकराव्या गावात एका आजीबाईंनी, त्या त्र्याण्णव वर्षांच्या आहेत, माळावर उतरलेले विमान आणि त्यातून उतरलेल्या माणसाने मुलांना वाटलेल्या चपट्या डब्यातल्या गोळ्या यांविषयी तासभर सांगितले. माळ कोणता, हे विचारेपर्यंत त्यांना झोप लागली. मी येत्या रविवारी पुन्हा जाणार आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भूकरमापक,
जि. ठाणे